लिंबाचे दहा काटे

मरीन परेडला आमच्या शेजारी एक आयरिश आजी राहतात. लिफ्टमध्ये कुणी खोकलं, की त्या लगेच सांगतात, "मोज्यात गरम मीठ भरून गळ्याला बांध." माझ्या मुलीला रांजणवाडी झाली, तेव्हा त्या कुंडीतल्या लिंबाचे दहा काटे घेऊनच आल्या.

"आमच्याकडे गूजबेरीचे लागतात. इथे हेच चालवू."

नऊ काटे त्यांनी एकेक करून लांबूनच डोळ्याकडे रोखले आणि दहावा मागे फेकून दिला. मी 'थँक यू' म्हणणार, तोच त्यांनी हात वर केला.

"आभार मानले तर गुण येत नाही. आणि उद्या हिला डॉक्टरकडे ने."

"एवढा विश्वास आहे, मग डॉक्टर कशाला?" मला राहवलं नाही.

"माझ्या भावाला आईने नेलं नव्हतं. त्याचा डोळा गेला."