समोर बसून पाहणं

वयात येताना माझा आवाज फुटला तो फुटलाच. त्यामुळे नाटक कंपनीत नायकाचं काम कधी वाट्याला आलं नाही. विशी ओलांडायच्या आत मालकांनी तोंडाला पांढरी दाढी चिकटवली आणि कंपनी होती तोवर ती निघाली नाही. राजाचा प्रधान, नायिकेचा बाप, आंधळा ऋषी.

एकदा मुक्काम मेहकरला होता. सुलतानपूरहून माझे वडील बैलगाडी जुंपून नाटकाला आले. शेतकरी माणूस, पोरगा नाटकात असतो हे त्यांनी कधी आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं. त्या नाटकात मी मुलीला सासरी पाठवणारा बाप होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासोबत गावाकडे निघालो. बराच वेळ ते बैलांशीच बोलत होते. मग म्हणाले, "मी असा चालतो काय? गुडघ्यावर हात ठेऊन?"

मी हो म्हणालो. घाबरलोच होतो.

"म्हणजे तू मले पाहत होता तं. मले वाटे, या पोराचं घरात ध्यानच नाही." कासरा माझ्या हाती देऊन ते मागे कडब्यावर आडवे झाले.

पुढे बोलपट आले, कंपनी मोडली. मी लोणारला बिऱ्हाड केलं आणि दोन शिक्षक, एक शिंपी, काही दुकानदार जमवून नाटकं बसवू लागलो. स्वतः रंग लावणं सोडलं. पहिल्या नाटकात सगळे माझीच नक्कल करत होते आणि लोक हसले. तेव्हापासून शिकवणं बदललं. घरी जा, एका माणसासमोर बसा आणि नुसतं पाहा, असं सांगू लागलो.

महिन्याभरानं शिंप्याची आई माझ्या दारात आली. मुसलमान मोहल्ल्यातली म्हातारी, ओढणी सावरत उभी राहिली.

"मास्टर, पोरगा रोज सांजच्याले माह्यासमोर येऊन बसते. मांगत काही नाही, बोलत नाही. काऊन?"

नाटकासाठी मीच त्याला बसायला लावलंय, नको असेल तर थांबवतो, असं मी सांगितलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "बसू द्या त्याले."

त्या वर्षी शिंप्यानं म्हातारीचं काम केलं. त्याची आई बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती. मी विंगेतून नाटकाऐवजी तिलाच पाहत होतो. त्यानं सुपारी कातरताना मान जराशी कलती केली, तसा तिनं शेजारणीचा हात धरला.