साडूला दिसेल अशी गाडी

दुकानात बाथरूमच्या टाइल्स इतक्या प्रकारच्या होत्या, की गिऱ्हाईक आपण कशाला आलो तेच विसरून जाई. बाजारात सगळे दुकानाच्या मालकांना फरशीवाले म्हणत. धंदा जोरात होता, मुलं मार्गी लागली होती, तब्येत ठणठणीत होती. दुःख एकच होतं आणि ते बायकोच्या माहेरून आलं होतं. ते म्हणजे थोरले साडू.

माणूस तसा सरळमार्गी, बँकेतून निवृत्त झालेला. पण गेल्या वर्षी ते बायकोला घेऊन त्या बर्फाच्या, तळ्यांच्या देशात बसच्या सहलीने जाऊन आले, आणि तेव्हापासून कुठेही चार नातेवाईक जमले की त्यांचा मोबाइल बाहेर निघे. प्रत्येक फोटोत अर्धं तळं आणि अर्धा त्यांचा अंगठा. वर ‘एकदा जाऊन याच, साडूभाऊ’ म्हणत ते फरशीवाल्यांच्या पाठीवर थाप मारत. ती थाप फरशीवाल्यांना वर्षभर ठणकत होती.

“जाऊ या की,” बायको म्हणाली होती. “पण ताईबरोबर. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी बहिणी कुठे एकत्र गेलोच नाही. तिच्या शेजारी बसून एकदा बर्फ बघायचाय. बाकी मला काही नको.”

फरशीवाल्यांनी हे एका कानाने ऐकलं आणि जे तिला नको होतं ते सगळं ठरवायला दुसऱ्या दिवशी सहलीच्या ऑफिसात जाऊन बसले.

“खाजगी गाडी. लांबलचक,” त्यांनी तिथल्या बाईंना सांगितलं. “ड्रायव्हर गणवेशातला, हातमोजे घातलेला.”

“थंडी असते, हातमोजे असतातच.”

“पांढरे हवेत. आणि दार त्याने उतरून उघडायचं. सावकाश.”

“सावकाश कशाला?”

“बघणाऱ्याला नीट दिसायला नको?”

बाई हसल्या. “बघणारं कोण असणार तिथे? खाजगी सहलीचा फायदाच तो. बस पोचायच्या आधी तुम्हाला तळ्यावर नेऊन आणतो. चिटपाखरू नसतं.”

फरशीवाले खुर्चीतून उठलेच. एवढा थाट करायचा आणि बघायला बदकं? ते तडक साडूंच्या घरी गेले. तुमच्यासारखा जाणकार माणूस एकदाच जाऊन कसा थांबतो, अंगठ्यामागचं अर्धं तळं राहिलंच की, असं म्हणत त्यांनी साडूंना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आठवडाभरात साडूंनी त्याच बसच्या दोन जागा पुन्हा घेतल्या.

मग फरशीवाल्यांनी बाईंकडून सगळी आखणी बदलून घेतली. बस थांबली, माणसं उतरली, हातपाय मोकळे करत उभी राहिली, की मागून आपली गाडी आली पाहिजे. बाईंनी आजवर बसला चुकवणारे शौकीन पाहिले होते, बसचा पाठलाग करणारा हा पहिलाच. पण गिऱ्हाईक म्हणेल तसं, म्हणून त्यांनी मुकाट्याने जुळवून दिलं.

पक्कं करायच्या दिवशी फरशीवाल्यांनी बायकोलाही नेलं. बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि एकेक ठिकाण समजावून सांगितलं.

“म्हणजे सगळीकडे ताईची बस आपल्या पुढेच?” बायकोने विचारलं.

“सगळीकडे,” फरशीवाले छाती फुगवून म्हणाले. “एक ठिकाण सोडलेलं नाही.”

“मग मी गाडीत काय करू? मला बसमध्येच बसवा की, ताईशेजारी.”

“बस भरली आहे,” बाई म्हणाल्या. “ताईंच्या शेजारी त्यांचे यजमान आहेत.”

“भावजींना ह्यांच्या गाडीत घ्या. एक जागा रिकामी झालीच ना.”

फरशीवाले तोंड उघडेपर्यंत तिने बहिणीला फोन लावलासुद्धा. पलीकडून ताई काय म्हणाली कोण जाणे, पण ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. असं तिचं हसणं फरशीवाल्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ऐकून त्यांना फार बरं वाटलं, आणि तिथेच घात झाला. आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

तिने फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे साडू होते.

“साडूभाऊ, मी डावीकडे बसणार. तळं तिकडूनच चांगलं दिसतं. आणि तुम्ही अजिबात काळजी करू नका, पुढे काय येणार ते मी आधीच सांगत जाईन.”

फरशीवाले नुसतं ‘हो, हो’ म्हणत राहिले.

“एकच विचारायचं राहिलं,” बाई कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाल्या. “ड्रायव्हरने आधी कोणाच्या बाजूचं दार उघडायचं?”

फरशीवाल्यांनी फोनवर हात ठेवला.

“त्यांच्या,” ते हळूच म्हणाले. “थोरले आहेत.”