टिंब नसलेला रुपया

आमच्या कोरीटच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.एस्सी. होऊन करते काय, तर नंदुरबारला एका सराफाकडे चांदीची जुनी नाणी निवडते. गाव हसलं. हसू दे. कोणतं नाणं वितळवायचं आणि कोणतं संग्राहकाला दाखवायचं, हे शेठ मला विचारून ठरवतात. राखेने घासलेलं, कानस लावलेलं, डाख देऊन कडी सांधलेलं नाणं संग्राहक हातातही घेत नाही.

आमच्या घरची चांदीच्या अकरा रुपयांची माळ या हिशोबाने भंगारच. पण घरातल्या प्रत्येक मुलीला हळदीच्या दिवशी ती फुई, म्हणजे वडिलांची बहीण, आपल्या हाताने घालते. मी सातवीत असताना कड्या झिजल्या म्हणून आईने माळ प्रकाशा गावच्या सोनाराकडे नेली आणि नव्या कड्या लावून आणली. नंतर फुईने ती धुवायला घेतली. दहा रुपयांवर नक्षीतल्या फुलाखाली बारीक टिंब होतं, सहाव्यावर नव्हतं. आमच्याकडे टिंब म्हणजे खऱ्या चांदीची खूण, असा पक्का समज. फुई बायकांसमोरच बोलली, “वहिनीनी खरा इकी टाका, खोटा बठाडा.”

खरा रुपया विकून खोटा बसवल्याचा आळ आला, त्या दिवसापासून आईने माळेला हात लावला नाही. भांडलीही नाही. भांडायला पुरावा कुठे होता?

यंदा धाकट्या बहिणीची हळद आली. फुईने अट घातली, “पहिले तो रुप्या काढ, मंग मी घालसू.” मी आत गेले तर आई सांडशी घेऊन सहाव्या रुपयाची कडी उघडायला बसलेली. रुपया निघाला असता तर चोरी तिनेच कबूल केली, असं झालं असतं. मी माळ तिच्या हातातून काढून घेतली आणि पर्समधलं भिंग डोळ्याला लावलं.

फुलाखालची जागा अगदी साफ होती. टिंब घासून काढलं असतं तर ओरखडा राहिला असता, झिजलं असतं तर फुलाच्या पाकळ्याही गेल्या असत्या. इथे टिंब कधी नव्हतंच.

माझ्या मागोमाग आत आलेल्या फुईला मी म्हटलं, “फुई, टिंब चांदीचं नसतं. ते मुंबईच्या टांकसाळीचं. हा कलकत्त्याचा. तिथे टिंब देत नव्हते. रुपया अस्सल आहे.”

फुई काही कच्ची नाही. “व्हई अस्सल. पन आपलाच शे कशावरथीन? कॉलेजमा हाई बी शिकाडतस का?”

अस्सल असला तरी रुपया आपल्याच माळेतला कशावरून, हा प्रश्न बिनतोड होता. मी पुन्हा भिंग लावलं, आणि जे डाग पाहून दुकानात नाणं बाजूला टाकते, तेच या वेळी शोधू लागले. प्रत्येक रुपयावर नव्या कडीच्या शेजारी जुन्या डाखाचा करडा डाग होता. कारागिराने कडी थोडी सरकवून लावली होती. आणि प्रत्येकाच्या तोंडावर, शेजारच्या रुपयाची कड वर्षानुवर्षे घासून, चंद्रकोरीसारखी खाच पडलेली.

मी कड्या उघडून पाचवा आणि सहावा माळेतून मोकळा केला. दोघांचे जुने डाग वर धरले आणि एकावर एक ठेवले. पाचव्याची कड सहाव्याच्या खाचेत अशी बसली की हललीच नाही. नव्या कड्या वर धरल्या की मात्र बसेना. म्हणजे प्रकाशाला जाण्याच्या कितीतरी आधीपासून हे दोघे शेजारी होते.

फुईला जवळचं नीट दिसत नाही. मी दोन्ही रुपये तिच्या तळहातावर ठेवले. तिने नखाने खाच चाचपली, वरचा रुपया फिरवला, पुन्हा बसवला. तीन वेळा.

“चुकनू मी,” ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, झालं. पण आई उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

“चार बायासमोर म्हनेल व्हतं ना? आते बी चार बायासमोरच सांग.”

फुईने पदर सारखा केला आणि मांडवात गेली. हळद कालवणाऱ्या बायकांचे हात थांबले. तिने रुपया वर धरून सगळं सांगितलं, कलकत्त्यासकट, एक शब्द न गाळता. आई दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. मग मी दोन्ही रुपये पुन्हा ओवले, आणि आईने ती माळ बहिणीला घालायला फुईच्या हातात दिली.