शूटिंग झालेल्या गावात प्रचाररथ

फिल्म तीन मिनिटं चालली होती आणि लोक हसायला लागले.

मी जनरेटरजवळ उभा होतो. मला वाटलं, स्क्रीनची पाटी गेली. एलईडी स्क्रीन म्हणजे एक सलग काच नसते. छोट्या छोट्या पाट्या जोडलेल्या असतात. त्यातली एक गेली की उमेदवाराच्या तोंडावर काळा चौकोन येतो आणि माणसं हसतात. मी धावत पुढं आलो. स्क्रीन ठीक होता. त्यावर एक बाई नळाखाली गुंड भरत होती. गुंड म्हणजे आमच्याकडं जिला घागर म्हणतात ती. मागून आवाज येत होता, "घराघरांत नळ, नळाला पाणी. आम्ही बोलत नाही, करून दाखवतो."

गर्दीतून एक पोरगा ओरडला, "कमलमावशी, आमालेबी दे न गुंडभर!"

पुन्हा हशा. मग ओट्यावरून एक बाई उठली आणि सरळ स्क्रीनसमोर येऊन उभी राहिली. तेच नाक, तेच कपाळ. लुगडंसुद्धा तेच असावं.

धामणगाव बढ्याच्या पुढचं हे गाव. नाव सांगत नाही. वेळ संध्याकाळची, दिवे लागायची.

माझं काम सांगतो. टेम्पोच्या पाठीवर स्क्रीन, खाली जनरेटर, दोन बाजूंना स्पीकर. निवडणुकीत याला प्रचाररथ म्हणतात. गाडी चालवायची, गावात लावायची, पक्षाची फिल्म दाखवायची. फिल्म नऊ मिनिटांची. पहिल्या भागात आम्ही काय काय केलं. दुसऱ्या भागात विरोधक कसे खोटारडे, त्यांना कशी नीतिमत्ता नाही. मला राजकारणातलं कळत नाही. मी चंदगडकडचा, नववीत शाळा सोडलेला. आमच्याकडं पावसाळ्यात पाणी घरात शिरतं म्हणून लोक वैतागतात. इकडं पहिल्या आठवड्यात माझा घोळणा फुटला उन्हानं. पण मोहिते सरांनी मला मंडपाच्या कामावरून उचलून ऑपरेटर केलं होतं. एजन्सी त्यांची. दहावी पास पोरं रांगेत असताना त्यांनी मला किल्ली दिली. ते उपकार मी विसरत नाही. म्हणून भीतीही जास्त वाटते.

भीतीचं कारण होतं. प्रत्येक शोचा एक फोटो ॲपवर टाकावा लागतो. त्यात तीन गोष्टी दिसायला पाहिजेत. चालू स्क्रीन, समोर माणसं, आणि खाली ॲपनं छापलेलं गावाचं नाव आणि वेळ. एक नसलं तरी शो बाद. तीन शो बाद झाले की गाडी दुसऱ्याला. माझे दोन झाले होते. सोनाळ्याला नेटवर्क नव्हतं आणि पिंपळगाव राजाला जनरेटर बसला.

"बंद कर भाऊ हे," कमलबाई म्हणाल्या.

"मावशी, पूर्ण दाखवावी लागती."

"माहा फोटो काढ त्यातून. मंग दाखव दिवसभर."

गजाननभाऊ पुढं आले. हे पक्षाचे तिथले बूथप्रमुख. हे गाव त्यांची सासुरवाडी, म्हणून त्यांनीच हट्टानं आमच्या यादीत टाकलेलं. ते हसत म्हणाले, "काऊन चिडून राह्यली मावशी? पुऱ्या जिल्ह्यात दिसून राह्यली तू. लोकाइले हे नशिबात भेटत नाही."

"नशीब तुह्या घरी ने, जावईबापू. टँकर बंद झाला आमचा. विचारलं तं म्हणते, तुमच्या वस्तीत नळ चालू हाय, कागदावर हाय, फिल्ममधीबी हाय."

"नळ तं हाय न पण."

"नळ हाय. पाणी कुठी हाय? शूटिंगच्या रोजी टँकरचा पाइप नळाच्या मांगून जोडला होता तुमच्या पोराइनं. दोन गुंड भरले, कट म्हणाले, पाइप काढला. उरलेलं पाणीबी घेऊन गेले."

आता कुणी हसत नव्हतं. स्क्रीनवर मात्र दुसरा भाग सुरू झाला होता. स्पीकरमधून जाड आवाज घुमला, "जनतेशी खोटं बोलणाऱ्यांना जनता माफ करणार नाही!"

"हाव, हे बरोबर बोलला," मागून कोणीतरी म्हणालं. मग परत हशा. गजाननभाऊंनी मला आवाज कमी करायची खूण केली.

मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, "सर, मावशींचा तेवढा सीन कापू का? लॅपटॉप आहे माझ्याकडं. अठरा सेकंदांचा आहे."

"वेडा आहेस का? फिल्म निवडणुकीच्या समितीनं पास केलीये. एक सेकंद इकडचा तिकडं झाला तर पुन्हा परवानगी. केस होईल आपल्यावर."

"पण सर, ते खोटं आहे."

"खरंखोटं समिती बघत नाही. कुणाला शिवी नाही ना, जात-धर्म नाही ना, एवढं बघते. तू फोटो काढ आणि निघ तिथून."

मी फोन कमलबाईंकडं दिला. काय डोक्यात आलं कुणास ठाऊक. त्या सरांशी बोलल्या. आवाज न चढवता. "साहेब, मले काई नको. चेहरा काढा, नाही तं पाणी द्या. दोनातलं एक करा." सर काहीतरी बोलले. फोन परत देताना त्या म्हणाल्या, "पाह्यतो म्हणते. समदेच पाह्यते."

फिल्म संपली. आता फोटो. मी लोकांना म्हटलं, जरा समोर उभं राहा. कोणी हललं नाही. उलट दहा-बारा जण उठून जायला लागले. गजाननभाऊंचा मेव्हणासुद्धा. रिकाम्या मैदानाचा फोटो म्हणजे तिसरा शो बाद. मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "मावशी, माझी गाडी जाईल. घरापासून लई लांब आलोय मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुठचा बे तू?"

"चंदगड."

"कुठी आलं ते?"

"गोव्याजवळ."

"बापा! इतक्या दूरून हे दाखवायले आला?" मग म्हणाल्या, "उभे राहतो आमी. पण माहा तोच फोटो पडद्यावर थांबव. आन मी जशी म्हणन तशी उभी राहीन."

गजाननभाऊ म्हणाले, "नाही, नाही. तसं नाही जमत."

"तं मंग जा तुमी."

मी विचार केला. फिल्म कापायची नाही, एवढंच सर म्हणाले होते. थांबवायची नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. ॲपला हवं ते सगळं फोटोत येणार होतं. मी फिल्म मागं नेली आणि नळावर थांबवली. कमलबाई घरात गेल्या आणि गुंड घेऊन आल्या. स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या. स्क्रीनवरच्या कमलबाईंचा गुंड भरून वाहत होता. खालच्या कमलबाईंनी आपला गुंड दोन्ही हातांनी उपडा धरला. थेंब पडला नाही. पंचवीस-तीस बायका आपापली भांडी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही.

मी फोटो काढला. खाली गाव आलं, वेळ आली. गजाननभाऊ फोनवर बोलत बाजूला गेले होते. मी फोटो ॲपवर टाकला.

एक गोष्ट माझ्या लक्षात नव्हती. ॲपवर टाकलेला फोटो आपोआप पक्षाच्या जिल्ह्याच्या ग्रुपवर जातो. मी गाडी आवरून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत सरांचे सात मिस्ड कॉल होते. आठवा उचलला.

"काय टाकलंयस तू?"

"सर, तिन्ही गोष्टी आहेत त्यात."

ते म्हणाले, "गाडी खामगावला आणून लाव. किल्ली जमा कर."

मी एजन्सीच्या गोडाऊनला वायरी तपासत बसलो. रोज वाटायचं, आज घरी जा म्हणतील. घरी काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत होतो. पाचव्या दिवशी एक ऑपरेटर आजारी पडला आणि सरांनी मला किल्ली परत दिली. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "तुला काढलं असतं तर मलाच गाडी चालवावी लागली असती." मी त्यांच्या पाया पडलो.

फोटो विरोधकांकडं मी टाकला त्याच रात्री पोचला होता. त्यांनी तो 'हीच का यांची नीतिमत्ता?' असं लिहून सगळीकडं फिरवला. आमच्या पक्षानं घाईघाईनं दुसऱ्या दिवशी सकाळीच टँकर चालू करवला.

पुढचं मला गजाननभाऊंनी फोनवर सांगितलं. टँकर आला त्या दिवशी दुपारी विरोधकांची कॅमेरावाली पोरं कमलबाईंच्या दारात हजर. त्यांनाही फिल्म करायची होती. म्हणाली, मावशी, तसाच गुंड उपडा धरा. मावशी म्हणाल्या, आता पाण्यानं भरेल हाय. तर म्हणे, एक मिनिट रिकामा करा न.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! दारातून हाकललं. म्हणे, तुमच्या फिल्मसाठी मी पाणी सांडत नसते."

टँकर मतदानापर्यंत रोज येत होता. नंतर एक दिवसाआड. परवा विचारलं तर गजाननभाऊ म्हणाले, "येते. कधी कधी." नळ कोरडाच आहे. फिल्ममध्ये मात्र शेवटच्या दिवसापर्यंत वाहत होता. मीच दाखवत होतो, एकेका दिवशी चार गावांत.

आमच्या एजन्सीनं यातून धडा घेतला. आता यादी करताना सर पहिल्यांदा विचारतात, शूटिंग कुठं झालंय? ते गाव खोडतात. मग बाकीची ठरवतात.