बिघाडांच्या जिवावर हुसेनमियाँ

दापोलीचे हुसेनमियाँ परकार जेद्दातल्या आमच्या शिपिंग कचेरीत अठरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होते. मी तिथेच कस्टमचे कागद भरायचो. २०२१ साली कॉम्प्युटरची कामं सौदी माणसांना द्यायचा जोर वाढला आणि हुसेनमियाँचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, लोंबकळला. इकामा गेला की तिथला मुक्काम संपला. गावी जुबेदाभाभी आणि मेडिकलला शिकणारी लेक.

यावर या विद्वानांनी तोड काढली. एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात यायची होती. तिची कच्ची, चाचणीची आवृत्ती त्यांनी कचेरीतल्या अकराही मशीनवर चढवली. शहाणा माणूस असले प्रयोग घरच्या जुन्या डबड्यावर करतो. "सर, एकदम लेटेस्ट," त्यांनी मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला सांगितलं. तेवढ्यावर तो खूश.

मग दर आठवड्याला नवी आवृत्ती, नवा बिघाड. सोमवारी प्रिंटर गायब, बुधवारी अरबी अक्षरं उलटी. जहाज धक्क्याला आणि कागद मशीनच्या पोटात. "हुसेन, यल्ला!" अशी घाईची हाक आली की स्वारी चहा संपवून सावकाश यायची. "माझ्याशिवाय चालतंय का बघ," मला डोळा मारत म्हणायचे.

पण हाडाची खोड जाईना. दिसेल तो बिघाड सिस्टीम बनवणाऱ्यांना कळवायचाच, आणि आभाराचा मेल आला की मला वाचून दाखवायचा. स्वतःच्या पोटावर इतक्या नेमाने पाय देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इंग्रजी कच्चं, म्हणून तक्रारी लिहायला अरवा. ही जेद्दाचीच सौदी मुलगी, त्यांच्याच जागेसाठी घेतलेली. तिने काकाला म्हणतात तसं "अम हुसेन, हे असं का?" विचारलं की आमचे चाचा खुर्ची ओढून तासभर समजावत.

ऑक्टोबरात पक्की आवृत्ती आली. दोन आठवडे एक हाक नाही. मुदीरने हुसेनमियाँना बोलावलं. मी तिथेच सह्या घेत होतो.

"अरवा एकटी सांभाळेल? नाही म्हणालास, तर तुझा इकामा वर्षभर रेटतो."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"सांभाळेल," हुसेनमियाँ म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं."

"खलास," मुदीर म्हणाला.

बाहेर येऊन मी वाट्टेल ते बोललो. लेकीची फी काढली, भाभी काढली.

"तिला येत नाही म्हणू?" ते म्हणाले. "मग इतके महिने मी काय शिकवलं?"

माझा राग मात्र अजून गेलेला नाही.