बयचा पाय

आमच्या बयच्या पाया पडायचं तर आधी तिला विचारावं लागायचं. बय म्हणजे माझी सासू. लग्न होऊन मी डोंबिवलीहून माजिवड्याला आले आणि रीतीप्रमाणे वाकले, तर तिने पाय झटकन मागे घेतला. "इचारल्याबिगर कशाला हात लावतेस गो?" भरल्या घरात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे कळलं, हा न्याय सगळ्यांनाच होता. बांगड्या भरणारीने मनगट ओढलं की ती ओरडायची, नर्सने न सांगता सुई टोचली की हात धरायची. म्हणायची, "जमीन सासऱ्याची, घर पोरांचा, दागिनं सुनांचं. माजा म्हनावा असा यो देह तेवरा हाय." भातशेती बिल्डरला गेली, मुलांनी परस्पर सह्या केल्या, तेव्हाही ती गप्प राहिली होती. मी एकदा चिडवलं, "बय, वर गेल्यावर देव देह परत मागेल की!" तर म्हणे, "मागंल तवा बगू. त्याला बी इचारावा लागंल."

मग साखरेने घात केला. अंगठ्याची जखम चिघळली, पाऊल काळं पडलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल. बय म्हणाली, "नाय." दोनदा समजावलं, दोनदा तेच.

मोठ्या दिरांनी मला जिन्यापाशी बोलावलं. "दिवसरात्र तिच्याजवळ तूच असतेस. डॉक्टरांना सांग, ती भ्रमात बडबडते. मग सही मी करतो." एवढ्या धिप्पाड माणसाने माझ्यापुढे हात जोडले. "आई जाईल गं आमची."

खोटं बोलले तर बय जगेल, पण शुद्धीवर येऊन पाय नाही म्हटल्यावर पहिली माझ्याकडे बघेल. खरं बोलले तर सासूला मारल्याचं पाप माझ्या माथी. देवा, हे माझ्याच गळ्यात का? डॉक्टरांनी विचारलं. "ती पूर्ण भानावर आहे," मी म्हणाले. दिरांनी माझ्याकडे पाठ फिरवली, ती आजतागायत.

आम्ही तिला घरी आणलं. आठवडाभरात ताप चढला, वेदनांनी ती गुरासारखी ओरडायला लागली. आणि एका सकाळी माझा पदर घट्ट धरून म्हणाली, "कापा म्हन गो त्यांना. मना मरायचा नाय."

तसेच दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. विष रक्तात गेलं होतं, आता तिचं हृदय भूल सोसणार नव्हतं.

खाटेशी बसून मी ढसाढसा रडले. "बय, त्या दिवशी मी खोटं बोलायला हवं होतं गं!"

बय स्वतः भीतीने पांढरीफटक पडली होती, दात वाजत होते. तरी माझ्यावर डाफरलीच.

"गप ऱ्हा. पाय माजा व्हता. चूक बी माजीच हाय. ती तुला नाय देनार."