हात बांधून उभे राहणारे नाना

डॉ. नाना इंगवल्यांना मी शिकाऊ हाऊस सर्जन म्हणून रुजू झालो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते ऑपरेशन थिएटरमध्ये काहीही न करता उभे होते. टेबलावर पेशंट, पेशंटच्या पोटाशी एका नवख्या हाऊस सर्जनचे चाचपडणारे हात, आणि ज्यांच्या हाताला अख्ख्या कोल्हापुरात तोड नाही असं म्हणत, ते नाना झगा, हातमोजे चढवून, दोन्ही हात छातीशी एकमेकांत गुंतवून नुसते बघत होते. मला वाटलं, म्हातारा थकला.

"बघतोस काय, कुलकर्ण्या?" नाना माझ्याकडे न पाहताच म्हणाले. "वस्ताद सारखा आखाड्यात उतरला, की पोरं टाळ्या वाजवाय शिकत्यात. कुस्ती न्हाय."

त्यांचा नियम सगळ्या हॉस्पिटलला पाठ होता. "पोरगं चुकाय लागलं तर तोंड चालवायचं. पेशंटचा जीव जाय लागला तरच हात." तोंड मात्र ते असं चालवत, की त्यापेक्षा हात परवडला असं वाटे. "टाका घालतोयस का पोत्याचं तोंड शिवतोयस?" हे त्यातल्या त्यात सौम्य. पण ऑपरेशन नीट पार पडलं, की बाहेर व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांपुढे ते आम्हाला ढकलत. "पावणं, तुमच्या माणसाला ह्या डॉक्टरांनी बरं केलंय. माझ्या न्हाय, ह्यांच्या पाया पडा." एखादा पेशंट दगावला, तर मात्र एकटेच बाहेर जात आणि "ऑपरेशन मी केलं" म्हणून सांगत. आम्हाला दारातून डोकावूही देत नसत. असा माणूस मी नंतर पाहिला नाही.

संस्थान विलीन झालं, हॉस्पिटल मुंबई सरकारकडे गेलं आणि थोड्याच काळात नानांची निवृत्ती जवळ आली. सर्जरीचा आणि आम्हा हाऊस सर्जनांच्या शिक्षणाचा प्रमुख कोण होणार, याची चर्चा सुरू झाली. वरून विचारणा आली, तुम्हीच नाव सुचवा. नाव काय, ठरलेलंच होतं. नानांचे जावई डॉ. वसंतराव विलायतेहून मोठी पदवी घेऊन आलेले, देखणे, हात तर असा चपळ, की नर्स चिमटा पुढे करेपर्यंत यांचं काम उरकलेलं. नानांची एकुलती एक मुलगी कुसुमताई त्यांना दिलेली. दुसरे होते उचगावच्या शेतकऱ्याच्या घरातले डॉ. शामराव पाटील. काम चोख, पण संथ, आणि नानांशी भर वॉर्डात वाद घालणारे. त्यांचं नाव कुणी घेतच नव्हतं.

नानांनी नाव लगेच पाठवलं नाही. त्या महिन्यात फक्त दोघांच्या ऑपरेशनांना कोपऱ्यात येऊन उभे राहू लागले. वसंतरावांच्या टेबलावर माझा एक सोबती अडखळला. वसंतराव हसून "सरका जरा" म्हणाले, सुरी स्वतःकडे घेतली आणि काम इतकं सुंदर केलं, की आम्ही बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या टेबलावर मी होतो. रक्तवाहिनीला मारलेली माझी गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. वाहिनी चिमट्यात धरलेली असल्यानं धोका नव्हता, पण माझी बोटं लाकडासारखी झाली होती. पाटलांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, हात छातीशी होते. "सावकाश. दोरा वढू नकोस, बसीव." तिसऱ्यांदा गाठ बसली. मागे वळून पाहिलं, तर नाना निघून गेले होते.

नानांनी पाटलांचं नाव पाठवलं. गावभर बोभाटा झाला. जावयाचा मान असा भर चौकात काढून घेणारा सासरा कोल्हापुरानं पाहिला नव्हता. कुसुमताई माहेरी येऊन रडल्या, म्हणाल्या, "आप्पा, ह्यांच्यात काय कमी हाय?"

"कायबी न्हाय. हात सोन्याचा हाय," नाना म्हणाले. "पण बाळ, सोनं दुसऱ्याच्या अंगावर घालाय काळीज लागतं. जावई माझा हाय. पोरं हॉस्पिटलची हायत."

त्या दिवसापासून कुसुमताईंनी माहेरचा उंबरा ओलांडला नाही. दिवाळीला जावई नाही, लेक नाही. हे आम्हाला नानांच्या घरच्या मंडळींकडून कळलं. नाना खचलेले दिसत. आपलं काही चुकलं तर नाही, असं एकदा त्यांनी मलाच विचारलं.

मग एका दुपारी त्यांना टांग्यातून हॉस्पिटलमध्ये आणलं. कित्येक दिवस लपवलेल्या हर्नियात आतडं अडकलं होतं. ताबडतोब ऑपरेशन करायला हवं होतं. कुसुमताई धावत आल्या, मागोमाग वसंतराव. "तुम्हीच करा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. पाटीलही बाजूला झाले. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच ते पटलं होतं.

"आज ड्यूटीवर कोण हाय?" नानांनी स्ट्रेचरवरून विचारलं.

ड्यूटीवर मी होतो. हर्नियाची ऑपरेशनं मी केली होती, पण अशी नाही, आणि अशा माणसावर तर नाहीच.

"मग ह्योच करील. ज्याची ड्यूटी, त्याची सुरी. शामराव हुबा ऱ्हाईल. माझ्यासाठनं नेम मोडला, तर मी काय शिकीवलं?"

कुसुमताईंनी वसंतरावांकडे पाहिलं. ते हात धुवायला गेले आणि येऊन माझ्यासमोर मदतनीसाच्या जागी उभे राहिले. जखम मोकळी धरून ठेवण्याचं ते काम आम्ही पहिल्या महिन्यात करतो. त्या माणसाबद्दल तेव्हापासून माझ्या मनात फार आदर आहे.

नानांच्या पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. त्यामुळे ते टक्क जागे. मी सुरी हातात घेतली, कातडीवर टेकवली आणि तिथंच अडलो. वसंतरावांचा हात पुढे आला, अर्ध्यात थांबला, परत गेला. एवढ्यात तोंडासमोर लावलेल्या पडद्यापलीकडून नानांचा आवाज आला.

"शामराव, हात कुठं हायत तुझं?"

"छातीशी हायत, नाना."

"आन् वसंतराव, तुमचं?"

वसंतराव माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या पोराला मदत करतायत, मामा."

"मग झोपतो मी," नाना म्हणाले. माझा पहिला छेद पुरा व्हायच्या आत ते चक्क घोरू लागले.